खुर्ची उलटी करून पाहा

गेल्या अंकात या सदरात मी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा ओझरता उल्लेख केला होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी वाकवलेल्या प्लायच्या आणि फायबरग्लासच्या खुर्च्या केल्या, आणि आज आपल्याकडच्या कॅफेत, ऑफिसात दिसणाऱ्या कितीतरी खुर्च्या त्यांच्याच वंशातल्या आहेत, एवढंच म्हटलं होतं. त्यावर सुतारकाम करणाऱ्यांपासून आर्किटेक्टांपर्यंत बऱ्याच जणांनी पत्रं पाठवली. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे ईम्स यांचं. मी फर्निचर डिझाइन करते, शिकवते आणि पुण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. उत्तरं त्याच नजरेने दिली आहेत.

ताई, मुलाने डायनिंगसाठी ऑनलाइन खुर्च्या मागवल्या. पांढऱ्या प्लास्टिकची एकसंध बैठक, खाली चार लाकडी पाय आणि पायांच्या मध्ये काळ्या सळ्या. खोक्यावर ‘ईम्स स्टाइल’ असं छापलंय. या खुर्च्या ईम्सच्याच म्हणायच्या का? आणि वर्षभरात पाय डुगडुगायला का लागले?
– निवृत्त शिक्षक, सातारा

घाट ईम्स यांचा, खुर्ची त्यांची नव्हे. आता एक करा. खुर्ची उलटी करून सतरंजीवर ठेवा. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला मी हेच करायला लावते, कारण वरून सगळ्याच खुर्च्या देखण्या असतात. पायांची चौकट बैठकीला कशी धरली आहे ते पाहा. तुमच्याकडे स्क्रू बहुधा थेट प्लास्टिकमध्ये, किंवा प्लास्टिकमध्येच बसवलेल्या धातूच्या नटांमध्ये गेलेले दिसतील. माणूस खुर्चीत बसतो तेव्हा नुसता वरून भार देत नाही. तो मागे रेलतो, कुशीवर वळतो, उठताना एका बाजूला जोर देतो. तो सगळा पीळ या चार जागांवर येतो. रोज थोडं थोडं भोक मोठं होतं, आणि मग खुर्ची डुगडुगते.

माझ्या बहिणीच्या घरी, न्यू जर्सीत, जुन्या सामानाच्या बाजारातून घेतलेली एक अस्सल ईम्स खुर्ची आहे. तीही मी उलटी करून पाहिली. फायबरग्लासच्या शेलला, म्हणजे बैठकीच्या कवचाला, खालून चार जाड रबरी चकत्या चिकटवलेल्या. प्रत्येक चकतीच्या पोटात धातूचे आटे, आणि पायांचा सांगाडा त्या आट्यांत बसवलेला. म्हणजे कडक शेल आणि कडक लोखंड यांची थेट गाठ कुठेच पडत नाही, मध्ये रबर आहे. तुम्ही रेललात की रबर किंचित दबतं आणि पीळ स्वतःवर घेतं. शेल खिडकीकडे धरलं तर आतले काचेचे धागे विस्कटलेल्या गवतासारखे दिसतात. ते लपवायला वर रंग फासलेला नाही, रंग राळेतच मिसळलेला आहे.

ही खुर्ची बाजारात आली १९५० साली. त्याच्या दोन वर्षं आधी न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरच्या डिझाइनसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा लावली होती. युद्ध संपून सैनिक घरी परतले होते, नवी कुटुंबं उभी राहत होती, पण घरं आणि सामान पुरत नव्हतं. ईम्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या इंजिनिअरांच्या साथीने पत्र्याची खुर्ची सुचवली, मोटारीचा पत्रा ठोकतात तशी प्रेसमध्ये ठोकलेली. दुसरं बक्षीस मिळालं, पण हिशेब बसेना. शिवाय उघडा पत्रा हाताला गार लागतो, गंजतो. तोवर फायबरग्लास युद्धात रडारची आवरणं करायला वापरून झालं होतं. ते काम करणाऱ्या झेनिथ प्लास्टिक्स या कंपनीकडे ईम्स गेले, आणि पाठ, बैठक व हात असं सगळं एका अखंड तुकड्यात असलेली खुर्ची कारखान्यात तयार होऊ लागली. सुरुवातीला रंग तीनच होते, आणि तिन्ही मवाळ. खाली मात्र हवे ते पाय लावता येत. लाकडी, सळ्यांचे, झुलत्या खुर्चीचे. तुमच्या मुलाने घेतलेले लाकडी पायही त्याच पर्यायांतले.

तुमच्या खुर्च्यांसाठी उपाय: सगळे स्क्रू आधी थोडे सैल करा, पाय सपाट जमिनीवर नीट बसवा आणि समोरासमोरच्या जोडीने हळूहळू आवळा. प्रत्येक स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घाला. प्लास्टिकमधले आटेच गेले असतील तर आवळून उपयोग नाही. मग थोडा लांब स्क्रू लागतो. पण तो बैठकीच्या वर येणार नाही ना, हे आधी मोजून घ्या.

मॅडम, चार्ल्स ईम्सने आर्किटेक्चरची डिग्री पूर्ण केली नव्हती असं वाचलं. मग तो एवढा मोठा कसा झाला? मलाही कॉलेजात वेळ वाया जातोय असं वाटतं.
– इंटिरिअर डिझाइनची विद्यार्थिनी, कोल्हापूर

बाळा, त्याने कॉलेज सोडलं हे खरं. सोडल्यामुळे तो मोठा झाला, हे मात्र खरं नाही. पुढचं सगळं ऐक आणि मग ठरव.

चार्ल्सचा जन्म १९०७चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातला. वडील लवकर गेले. शाळेत असतानाच तो एका पोलादाच्या कंपनीत काम करू लागला आणि ड्रॉइंग तिथेच शिकला. त्याच शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात आर्किटेक्चरला गेला आणि सुमारे दोन वर्षांत बाहेर पडला. १९३०मध्ये ऑफिस थाटलं, नेमकं महामंदीच्या तोंडावर. कामं मिळेनात. काही महिने मेक्सिकोत भटकून आला. परतल्यावर घरं केली, आर्कान्सामध्ये चर्चं बांधली. त्यातल्या एका चर्चचे फोटो छापून आले आणि फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या एलिएल सारिनेन या ज्येष्ठ आर्किटेक्टच्या नजरेत भरले. सारिनेन मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक अकादमीचे प्रमुख होते. त्यांनी चार्ल्सला बोलावलं आणि १९३८ साली तो तिथे गेला. विद्यार्थी म्हणून! वय एकतीस, पहिली बायको आणि मुलगी, स्वतःचं ऑफिस, आणि हा माणूस पुन्हा शिकायला बसला. कॉलेज सोडल्याची गोष्ट सगळे सांगतात. मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

क्रॅनब्रुकने त्याला काय दिलं? विणकाम, धातूकाम, मातीकाम, सगळे विभाग एका आवारात. सारिनेन यांचा मुलगा ईरो त्याचा जिवलग मित्र झाला. आणि तिथेच रे कैसर ही चित्रकार भेटली. १९४०मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या फर्निचर स्पर्धेत चार्ल्स आणि ईरो यांनी दोन विभागांत पहिला नंबर मारला. त्यांच्या खुर्चीत पाठ आणि बैठक एकाच वाकवलेल्या प्लायची होती, माणसाच्या अंगाला दोन्ही दिशांनी वळणारी.

चित्र सुंदर होतं, प्रत्यक्षात ते जमलं नाही. लाकडाचा पातळ पापुद्रा एका दिशेने सहज वळतो. त्याला एकाच वेळी दुसऱ्या दिशेनेही वळवायला गेलं की तो फाटतो किंवा चुण्या पडतात. स्पर्धेतल्या खुर्च्यांना भेगा पडल्या, त्या झाकायला वरून फोम आणि कापड चढवावं लागलं. हाताने इतकं काम करावं लागलं की ‘स्वस्त’ हा शब्दच उरला नाही. लाकडाला धातूचे पाय रबराने चिकटवायची एक पद्धत क्रायस्लर या मोटार कंपनीकडे होती, ती युद्धकामासाठी राखून ठेवली गेली. म्हणून लाकडाचे पाय लावले. बक्षीस हातात आणि खुर्ची तयार होत नाही, अशी अवस्था.

पुढची दहा वर्षं चार्ल्सने या एकाच अडचणीचा पिच्छा पुरवला. १९४१मध्ये रेशी लग्न झालं, दोघं लॉस एंजेलिसला आली. चार्ल्स दिवसा एमजीएम फिल्म स्टुडिओच्या कला विभागात नोकरी करायचा. संध्याकाळी भाड्याच्या फ्लॅटच्या खोलीत दोघांनी स्वतः बनवलेलं प्लाय वाकवायचं यंत्र चालायचं. प्लास्टरचा साचा, त्यात तापणाऱ्या तारा, वर गोंद लावलेले व्हीनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर, आणि त्यांना साच्यावर दाबून धरायला एक रबरी पिशवी, सायकलच्या पंपाने फुगवलेली. जादूगार मंत्र म्हणतो तसा ‘काझाम’ म्हणायचं आणि झाकण उघडायचं, म्हणून यंत्राचं नावच काझाम.

त्यातून पहिली निघाली ती खुर्ची नव्हे, मोडलेल्या पायाला बांधायची खपाची, म्हणजे स्प्लिंट. युद्धात धातूच्या स्प्लिंट स्ट्रेचरवर हादरे देत, जखम आणखी बिघडे. ईम्स यांनी चार्ल्सच्याच पायाचा साचा घेतला आणि प्लायची हलकी स्प्लिंट केली. अमेरिकन नौदलाची पहिली ऑर्डर पाच हजारांची होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड लाख स्प्लिंट गेल्या. या स्प्लिंटमध्ये मधूनमधून लांबट भोकं आहेत. दोन्ही दिशांना वळताना लाकूड जिथे फाटायला बघतं तिथेच ती भोकं ठेवली, आणि त्याच भोकांतून पट्टी ओवता येते. १९४० साली जी भेग झाकावी लागली होती तिचंच हे रूप. माझ्या मते ईम्स यांच्या साऱ्या कामातली ही सर्वांत उत्तम वस्तू आहे, कुठल्याही खुर्चीपेक्षा वरची.

नौदलाच्या कामाने पैसे, यंत्रं आणि उच्च दर्जाचे गोंद मिळाले. आणि मग १९४५-४६मध्ये खुर्च्या आल्या. एकाच तुकड्याचा हट्ट सोडून पाठ वेगळी, बैठक वेगळी केली, मध्ये कणा दिला आणि जोड रबराच्या चकत्यांनी केले. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९९ साली यातल्या बुटक्या खुर्चीला शतकातलं सर्वोत्तम डिझाइन म्हटलं. अखंड तुकड्याचं जुनं स्वप्न पूर्ण व्हायला १९५०चं फायबरग्लास यावं लागलं.

आता तुझ्याबद्दल. कॉलेज पूर्ण कर. वर्कशॉप कंटाळवाणं वाटत असेल तर संध्याकाळी एखाद्या फॅब्रिकेटरकडे, सुताराकडे जाऊन बस. पत्रा, लाकूड, कापड हातात घे. कोल्हापुरात फाउंड्रीवाले, चामडेवाले, गूळवाले सगळे आहेत. एवढी शाळा कुणाला मिळते?

आमचा फर्निचरचा धंदा आहे. वडील सागवानात काम करायचे, मी मॉड्युलर करतो. गोल पाठीची खुर्ची करून पाहिली तर प्लाय तडकतो. बाजारातल्या फ्लेक्सी प्लायने ईम्ससारखी वळणं येतील का?
– फर्निचर व्यावसायिक, इचलकरंजी

तयार १२ किंवा १८ मिलीचा प्लाय वाकवायचा प्रयत्न करत असाल तर तो तडकणारच. त्याचे थर आधीच सपाट चिकटलेले आहेत, त्यांना सरकायला जागा नाही. वाकवलेला प्लाय म्हणजे आधी सपाट केलेला आणि मग वाकवलेला प्लाय नव्हे. सुटे पापुद्रे ओल्या गोंदासकट साच्यावर ठेवायचे. ते एकमेकांवरून किंचित सरकत वळणात बसतात आणि तिथेच घट्ट होतात. गोंद वाळला की वळण हाच त्या लाकडाचा मूळ आकार होतो.

फ्लेक्सी प्लाय काउंटरच्या गोल कोपऱ्याला, खांबाला ठीक आहे. बसायच्या वस्तूला एकटा वापरू नका. त्याचे बहुतेक रेषे एकाच दिशेने असतात, म्हणूनच तो वळतो आणि म्हणूनच तो दुसऱ्या दिशेने कच्चा असतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दीड मिलीच्या आतबाहेरचं कोअर व्हीनिअर मिळतं, तुमच्याकडेही मागवता येईल. थर विषम संख्येत घ्या, एक उभा, एक आडवा. वळणाच्या बाजूने बाहेरचे रेषे कुठे जातात ते आधी सुक्या थरांवर, गोंद न लावता, साच्यात दाबून पाहा. सुकं असतानाच कुरकुर आवाज आला तर व्हीनिअर आणखी पातळ घ्या किंवा वळण मोठं करा.

गोंदाबद्दल: रोजचा पांढरा गोंद सोपा, पण सतत ताण राहिला की तो महिनोन्‌महिने हळूहळू सरकतो आणि वळण उघडतं. युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद कडक राहतो. त्याला वास असतो, तेव्हा शेड उघडी ठेवा. साच्यातून काढल्यावर वळण थोडं उघडतंच, म्हणून साचा हव्या त्या आकारापेक्षा जरा जास्त वळणाचा करा. किती जास्त, ते तुमच्या लाकडावर आणि जाडीवर आहे. एक पट्टी करून पाहा, मोजा आणि मग साचा कापा. दाब सगळीकडे सारखा हवा. शिकंजे लावून कडा दबतात, मध्य दबत नाही. व्हॅक्यूम पंप आणि जाड प्लास्टिकची पिशवी हा त्यावरचा चांगला मार्ग. ईम्स यांनी पिशवी फुगवली, आपण पिशवीतली हवा काढतो, एवढाच फरक.

आणि सुरुवातीला एका दिशेचंच वळण घ्या. दोन दिशांच्या वळणाने त्यांनाही दहा वर्षं दमवलं. पुढे पॅरिसच्या एका संग्रहालयाने घेतलेल्या मुलाखतीत चार्ल्सला विचारलं होतं, की तुम्हाला कधी तडजोड करावी लागली का. तो म्हणाला, तडजोड करणं भाग पडल्याचं आठवत नाही, पण मर्यादा मात्र मी आपखुशीने स्वीकारल्या. पाठ आणि बैठक वेगळी करण्याचा निर्णय हा मला त्या वाक्याचा सर्वांत स्वच्छ नमुना वाटतो. तुमच्या वडिलांनी सागवानाचा जो कल ओळखला असेल, तसा तुम्ही व्हीनिअरचा ओळखा.

मी आणि माझे पती मिळून प्रॅक्टिस करतो. क्लाएंट ड्रॉइंगवर बोलायचं म्हटलं की यांच्याकडेच वळतात, रंग आणि पडदे मला विचारतात. रे ईम्सच्या वाट्यालाही हेच आलं होतं का?
– आर्किटेक्ट, ठाणे

आलं होतं, आणि अगदी याच शब्दांत. १९५६ साली एनबीसी वाहिनीवरच्या एका कार्यक्रमात नवी लाउंज खुर्ची दाखवायला दोघं गेले. निवेदिकेने रेची ओळख करून दिली ती चार्ल्सला मदत करणारी बायको म्हणून. तुम्ही नवऱ्याला कशी मदत करता, असा सूर. रे त्या वेळी पंधरा वर्षं त्या ऑफिसची बरोबरीची भागीदार होती.

रेचा जन्म १९१२चा, सॅक्रामेंटोचा. न्यू यॉर्कमध्ये हान्स हॉफमन यांच्याकडे ती अमूर्त चित्रकला शिकली. तिची चाळीसच्या दशकातली चित्रं आणि ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ मासिकाची तिने केलेली मुखपृष्ठं एका बाजूला ठेवा आणि प्लायच्या खुर्चीची पाठ दुसऱ्या बाजूला ठेवा. तोच आकार, तीच मऊ कड, तोच मोकळ्या जागेचा तोल. ‘रंग आणि पडदे’ एवढंच तिचं काम होतं असं म्हणणाऱ्याने हे पाहिलेलं नाही.

श्रेयाचा प्रश्न तिच्यापुरताही नव्हता. १९४६ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने प्रदर्शन भरवलं ते एकट्या चार्ल्सच्या नावाने. हॅरी बर्टोया, हर्बर्ट मॅटर यांच्यासारखी माणसं त्या वर्कशॉपमध्ये राबली होती. बर्टोया पुढे तिथून बाहेर पडला आणि त्याने तारांच्या स्वतःच्या खुर्च्या केल्या, त्याही गाजल्या. चार्ल्स स्वतः रेबद्दल भरभरून बोलायचा. पण भरभरून बोलणं आणि पाटीवर नाव लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे त्याने आणखी ठामपणे वागायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनच्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १९७९मध्ये सुवर्णपदक दिलं ते दोघांच्या नावे. तेव्हा चार्ल्स हयात नव्हता. तो २१ ऑगस्ट १९७८ला गेला. रे १९८८ साली गेली, तीही २१ ऑगस्टलाच.

तुम्हाला एक सुचवते. ड्रॉइंगच्या शीर्षकपट्टीत दोघांची नावं लिहा, आणि पुढच्या मीटिंगला नकाशा तुमच्या हातात असू द्या. पतींना सांगा, की जिना आणि बीम यांवरच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर द्यायचं नाही, ते तुम्ही द्याल.

‘कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त लोकांना उत्तम वस्तू’ असं म्हणणाऱ्यांची लाउंज खुर्ची आज कित्येक लाखांना मिळते. हे कसं काय?
– बँक कर्मचारी, नागपूर

प्रश्न रास्त आहे. ती खुर्ची पहिल्या दिवसापासून महागच होती. १९५६ची ती खुर्ची म्हणजे वाकवलेल्या प्लायची तीन शेलं, त्यावर रोझवुडचं व्हीनिअर, पिसं भरलेल्या चामड्याच्या गाद्या आणि समोर पाय ठेवायला वेगळा स्टूल. वापरून वापरून मऊ पडलेल्या बेसबॉलच्या हातमोज्यासारखी ऊबदार खुर्ची चार्ल्सला हवी होती. तिच्यात हाताचं काम भरपूर आहे. शेलच्या बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही, आणि गादी फाटली तर तेवढीच बदलता येते. बसायला ती खरोखर सुखाची आहे. पण स्वस्ताईच्या वचनाचा निवाडा तिच्यावर करू नका, १९५०च्या शेल खुर्चीवर करा. शाळा, विमानतळ, लाँड्री, दवाखाने, सगळीकडे ती पोचली. त्या वचनाची पूर्तता तिथे झाली.

आज त्या साध्या शेल खुर्चीचीही अधिकृत किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेली आहे, आणि याचं मला वाईट वाटतं. दोघांनी ज्या घरांसाठी ती केली, त्या घरांतून ती उठली आणि संग्राहकांकडे गेली.

ते फिल्मही करायचे म्हणे?
– वाचक, बेळगाव

हो, शंभरावर छोट्या फिल्म केल्या. १९५९मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन प्रदर्शनात सात प्रचंड पडद्यांवर एकाच वेळी अमेरिकेतलं रोजचं जगणं दाखवलं. १९६१मध्ये आयबीएमसाठी गणितावर प्रदर्शन केलं. शिकागोच्या बागेत पहुडलेल्या माणसापासून दहाच्या पटीने दूर जात विश्वाच्या टोकापर्यंत आणि परत त्याच्या हातातल्या अणूपर्यंत नेणारी त्यांची १९७७ची ‘पॉवर्स ऑफ टेन’ ही फिल्म नऊ मिनिटांची आहे. घरातल्या मुलांना आवर्जून दाखवा.

भारतातल्या डिझाइन शिक्षणाशी ईम्स यांचा संबंध आहे असं ऐकलं. तो ‘लोट्या’चा उतारा काय आहे? आठवीच्या मुलांना शिकवता येईल का?
– चित्रकला शिक्षिका, रत्नागिरी

१९५५ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रं आणि दागिन्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. भारतातल्या हातमाग-हस्तकलेसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर आणि चार्ल्स यांची तिथे भेट झाली. पुढे भारत सरकारने निमंत्रण दिलं, फोर्ड फाउंडेशनने खर्च उचलला, आणि १९५८च्या सुरुवातीला चार्ल्स आणि रे सुमारे तीन महिने देशभर फिरली. कारखान्यातला माल बाजारात येऊ लागला होता. त्यात छोट्या उद्योगांच्या मालाचा दर्जा ढासळू नये यासाठी काय करावं, हा प्रश्न होता. त्यांनी एप्रिल १९५८मध्ये अहवाल दिला. त्याची सुरुवात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या वचनांनी होते: कर्मण्येवाधिकारस्ते. त्यांनी डिझाइनची एक राष्ट्रीय संस्था सुचवली, आणि १९६१ साली अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन सुरू झाली. तिला प्रत्यक्ष आकार दिला तो गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी. ते श्रेय अहवालाला देऊन टाकणं बरोबर नाही. मुंबईच्या आयआयटीतलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९चं. १९६४ साली ईम्स पुन्हा अहमदाबादला आले आणि तिथल्या मंडळींसह नेहरूंवरचं प्रदर्शन उभं केलं.

आता लोटा, म्हणजे आपला तांब्या. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये लोटा बहुधा सर्वांत थोर आणि सुंदर, असं त्यांनी लिहिलं. लोक हे कौतुक वाचतात आणि थांबतात. खरी गंमत त्यानंतरच्या प्रश्नांत आहे. नेमकं किती पाणी आणायचं, वाहायचं, ओतायचं? हात कुणाचा, बाईचा की पुरुषाचा, केवढा? डोक्यावर नेणार, कमरेवर की हातात? रिकामा असताना तोल कुठे, भरल्यावर कुठे? ओतताना धार कशी पडते? गार पाण्याने भांडं किती गार होतं, गरम पाण्याने किती तापतं? डोळे मिटून हात फिरवला तर कसं लागतं? दुसऱ्या भांड्याला लागलं तर आवाज कसा येतो? किंमत काय? कुणाला भेट देताना कसं वाटेल? आणि मग त्यांनी म्हटलं, की एका माणसाने बसून हा लोटा डिझाइन केला असेल हे शक्य नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडला.

आठवीला नक्की घ्या. मुलांना घरून एकेक भांडं आणायला सांगा: तांब्या, फुलपात्र, कळशी, प्लास्टिकचा मग. चित्र काढायच्या आधी पाणी भरून वर्गाबाहेर ओतायला लावा. कुठल्या भांड्याची धार फुटते, कुठल्याची एकसंध पडते ते वहीत लिहू द्या. मग काठ आणि गळा यांचंच मोठं चित्र काढायला सांगा. धार का फुटली ते पुष्कळ मुलांना त्या चित्रातच दिसेल. प्लास्टिकच्या मगाला वर्गात कुणी नावं ठेवू नयेत, एवढं पाहा. तो हलका आहे, पडला तर त्याला पोचा येत नाही, आणि लहान मुलाला अंघोळ घालताना आईला तोच लागतो. त्याचेही गुण लिहून घ्या.

मावशीने अमेरिकेहून सामानात आणलेली फायबरग्लासची जुनी खुर्ची माझ्याकडे आहे. एक रबरी चकती सुटली आहे. मिस्त्री म्हणतात आरपार बोल्ट मारू. मारू का?
– वाचक, पणजी

मुळीच नको. आरपार भोक पाडलं की तिथूनच तडा जातो, आणि रबराचं कामही संपतं. चार चकत्यांपैकी एक सुटली म्हणजे बाकीच्याही जुन्या झाल्या आहेत. चारही बदला. नवीन चकत्या परदेशात मिळतात, मावशींना मागवून पाठवायला सांगा. मोजमाप आणि आट्यांचा आकार आधी कळवा, कारण वेगवेगळ्या पायांना वेगवेगळ्या लागतात.

जुना गोंद पटाशीने हलकेच खरवडा. पॉलिश पेपर मारायचा तो ओला करूनच, आणि मास्क व हातमोजे घालून, कारण काचेच्या धाग्यांची धूळ फुप्फुसात आणि कातडीत जाते. घरात, पंख्याखाली हे करू नका. पृष्ठभाग स्पिरिटने पुसा. चकत्या आधी पायांच्या चौकटीला स्क्रूने लावा, मग चौकटीसकट शेलवर इपॉक्सीने चिकटवा, म्हणजे भोकं जुळतात. वर वजन ठेवून चोवीस तास राहू द्या. गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक दिवस धरा. मिस्त्रींना बोल्टऐवजी चौकटीचा गंज काढायला सांगा, ते काम त्यांनीच करायला हवं.